लिनक्सच्या गाभ्यासाठी, म्हणजे कर्नलसाठी, तयार टूलचेन (कंपायलर आणि सोबतची हत्यारं) उतरवायची, की कंपायलर घरीच बांधायचा?

मेकवाला:
एका ड्रायव्हरचा बग शोधायला गिट बायसेक्ट लावला, म्हणजे बदलांची यादी दर फेरीला अर्धी करत दोषी बदल गाठायचा. मधे बारा-तेरा हजार कमिट (नोंदवलेले बदल), म्हणजे कर्नल चौदा वेळा बांधणं आलं. तिसऱ्या फेरीला वैतागून कर्नल डॉट ऑर्गवरची तयार एलएलव्हीएम टूलचेन उतरवली. ती पीजीओ करून बांधलेली असते: क्लँगला (तिच्यातला कंपायलर, सोर्सचा यंत्राला चालणारा कोड बनवणारा) आधी खरं काम करायला लावायचं, कुठे वेळ जातो ते टिपायचं आणि त्या नोंदीवरून क्लँगच पुन्हा बांधायचा. वेग जाणवण्याइतका वाढला. एक सूचना. कर्नल बांधायच्या 'मेक' आज्ञेत 'एलएलव्हीएम=' पुढे फोल्डरचा पत्ता देताना शेवटची तिरकी रेघ विसरू नका. विसरलात तर मेक काही न बोलता पाथमधलाच (यंत्रावर आधीपासून असलेला) क्लँग उचलतो. मी दोन फेऱ्या 'कुठे काय फरक पडला?' करत बसलो होतो.
माझं मत: कंपायलर घरी बांधत बसणं ही आता निव्वळ हौस आहे.

उंदीरपकड:
बायसेक्टच्या मधोमध कंपायलर बदललात? मग बग कमिटने आणला की क्लँगने, हे कुणाला विचारणार?

मेकवाला:
मान्य. पहिल्यापासून सुरू केलं. आता दर बूटनंतर प्रॉक व्हर्जन ही फाइल बघतो, कर्नल कुठल्या कंपायलरने बांधला ते तिथे लिहिलेलं असतं.

जुनं_खोड:
हौस नाही हो, सावधगिरी आहे. युनिक्सचे एक जनक केन थॉम्पसन १९८४ साली छापून आलेल्या ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात हेच सांगून गेले. कंपायलरमध्ये खोट असेल तर सोर्स ओळ न् ओळ वाचूनही ती सापडत नाही. कर्नल म्हणजे सगळ्या यंत्राची किल्ली, आणि ती घडवणारं हत्यार तुम्ही झिप फाइल आणावी तसं आणता? एक्सझेड या फाइल आवळणाऱ्या प्रोग्राममध्ये छुपं दार सापडलं, ते प्रकरण २०२४ च्या मार्चमधलं, इतक्यात विसरलात?

नवशिकी:
मधेच विचारते. या टूलचेनने माझा कर्नलही वेगात चालेल का?

उंदीरपकड:
नाही. वेगवान झालाय तो कंपायलर. त्याच आवृत्तीचा, त्याच सोर्सचा संथ क्लँगही कोड तोच काढेल. हा घोळ निम्म्या लोकांचा असतो.

मेकवाला:
@जुनं_खोड, एक्सझेडचं उदाहरण तुमच्यावरच उलटतं. खोट सोर्सच्या टारबॉलमध्येच (उतरवायच्या गठ्ठ्यात) होती, गिटमध्ये नसलेली एक बिल्ड फाइल त्यात घुसवली होती. तो टारबॉल घरी बांधणाऱ्याने ती फाइल आपल्या हातानेच उतरवून घेतली असती. आणि तुमचा पहिला क्लँग कशाने बांधलात? डिस्ट्रोच्या (तुम्ही बसवलेल्या लिनक्स संचाच्या) जीसीसी कंपायलरनेच ना? तोही तयारच आलेला.

जुनं_खोड:
डिस्ट्रोवर माझा भरवसा आहेच, कारण त्याशिवाय यंत्रच चालत नाही. प्रश्न आहे त्यात आणखी एकाची भर घालायची का. शिवाय रोजच्या कटकटी वेगळ्या. डिस्ट्रोचा कर्नल जीसीसीचा, त्याचं बाहेरचं मॉड्यूल (कर्नलला वेगळा जोडायचा भाग) क्लँगने बांधायला गेलात की अनोळखी फ्लॅगवरून (कंपायलरला दिलेल्या पर्यायांवरून) रडारड. जुन्या सर्व्हरवर तर तयार बायनरी सुरूच होत नाही, ग्लिबसी ही मूळ सी लायब्ररी पुरेशी नवी नाही म्हणून अडते.

मेकवाला:
मॉड्यूलचं खरं आहे, त्यात मीही हात पोळून घेतलाय.

उंदीरपकड:
दोघे भांडताय कशाला, तपासून बघा की. वर म्हटलं तसं, पीजीओने क्लँगचा वेग बदलतो, त्याने काढलेला कोड नाही. मग त्याच सोर्सचा क्लँग डिस्ट्रोच्या जीसीसीने एकदा घरी बांधा, पीजीओविना, संथ का असेना. त्याने आणि तयार क्लँगने एकाच कॉन्फिगचा, एकाच फोल्डरमध्ये कर्नल बांधा आणि तयार झालेल्या दोन्ही व्हीएमलिनक्स (कर्नलच्या) फाइली ताडून बघा. बिल्डची वेळ, युजर आणि होस्ट केबिल्डच्या (कर्नलच्या बिल्ड यंत्रणेच्या) व्हेरिएबलने पक्के करा.

जुनं_खोड:
क्लँगचं व्हर्जन स्ट्रिंग कर्नलच्या बॅनरमध्ये (सुरू होताना दिसणाऱ्या ओळीत) उतरतं, ते वेगळं दिसू शकेल.

उंदीरपकड:
तेवढं दिसू दे. कोडच्या सेक्शनमध्ये एक बाइट जरी हलला तरी मी तुमच्या बाजूला.

मेकवाला:
आज रात्री लावतो.

जुनं_खोड:
डीबग इन्फो बंद ठेवा, त्यातही कंपायलरचं नाव शिरतं. आणि मॉड्यूल सही पण बंद. तिची किल्ली दर स्वच्छ बिल्डला नवी बनते, नाहीतर सकाळी मलाच शिव्या घालाल.