मदत हवी आहे : पोलिसांपुढे दिलेली कबुली पुराव्यातून वगळता येते का?

माझ्या मावसभावाला दुचाकी चोरीच्या गुन्ह्यात अटक झाली असून, पोलीस कोठडीत सही घेतलेल्या निवेदन पंचनाम्यात ‘मी गाडी चोरली, विहिरीमागे लपवली, ती काढून देतो’ असे वाक्य आहे. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम २३ नुसार पोलिसांपुढील कबुलीजबाब आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही. मात्र त्यातून वस्तू सापडल्यास तेवढ्याशी थेट संबंधित भाग सिद्ध करता येतो, आणि प्रिव्ही कौन्सिलचा (ब्रिटिशकाळातील सर्वोच्च अपील न्यायालयाचा) १९४७ चा पुलुकुरी कोट्टय्या निकालही हेच सांगतो. मग ‘चोरली’ या शब्दावर हरकत पंचनाम्याला निशाणी क्रमांक (न्यायालयात पुरावा म्हणून नोंदवताना दिला जाणारा क्रमांक) देतानाच घ्यावी, की अंतिम युक्तिवादात? ती जागा पोलिसांना आधीच माहीत होती, असे घरच्यांचे ठाम म्हणणे आहे; तसे असेल तर गाडी त्याच्या निवेदनातून सापडली असे म्हणता येणार नाही, म्हणून मला हाच मुद्दा सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तो तपास अधिकाऱ्याच्या उलटतपासात कसा मांडावा, हे फौजदारी वकिलांनी कृपया सांगावे.