मदत हवी आहे : अलकेचे (अतिलघुकथेचे) शेवटचे वाक्य ठेवावे की काढावे?

नमस्कार. मी लातूरचा असून, २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने आलेल्या पाण्याच्या पार्श्वभूमीवर एक अलक लिहीत आहे. पहिला खर्डा ३०० शब्दांचा होता. टँकरची रांग आणि हंड्यांचे वर्णन गाळून (ते गाळताना जीव तुटला) मी तो ९० शब्दांवर आणला.

आता अडचण शेवटाची आहे. आजी भाजी धुतलेले पाणी तुळशीला घालते आणि त्यापुढे ‘तहान तिलाही होतीच’ असे वाक्य येते. ते ठेवले तर कथेचा अर्थ समजावून सांगितल्यासारखा वाटतो, आणि काढले तर घरी वाचून दाखवल्यावर कुणालाच शेवट उमगला नाही. अशा वेळी सुरुवातीलाच सुकलेल्या तुळशीचा उल्लेख पेरावा, की शीर्षकाकडून ते काम करून घ्यावे? आपण पुनर्लेखन करताना काय करता, ते कृपया उदाहरणासह सांगावे.