दोघांचा यमन ऐका न मंग सांगा, त्यागराज मोठे का दीक्षितार?

पेटीवाला, दारव्हा:
राजेहो, कर्नाटकी संगीत म्हटलं की आपल्या इकडं जो तो त्यागराजाचंच नाव घेते. दोघंही रचनाकार, तमिळनाडूतल्या तिरुवारूरचे, त्यागराज १७६७ चे, मुत्तुस्वामी दीक्षितार सात-आठ वर्षांनी लहान, पण बांधणीत मले दीक्षितारच मोठे वाटतात. त्यांची 'जंबूपते' ही संस्कृत रचना ऐका, राग यमुनाकल्याणी, म्हणजे आपला यमनकल्याणच समजा. काशीत काही वर्षं राहिले होते ते, धृपदाचा रंग साफ दिसते. चाल संथ, एकेका सुरावर थांबत जाते, मधातच शुद्ध मध्यम, म्हणजे साधा 'म', असा हळूच येते की पेटीवरचं बोट उचलावंच वाटत नाई. संस्कृत सगळं समजत नाई मले, पण रागाचा अख्खा चेहरा दिसते, गाणाऱ्यानं भर घालायचं कामच ठेवलं नाई.

खंजिरीवाला, तिवसा:
कामच ठेवलं नाई, हेच त खटकते दादा! त्यागराजाचं तेलुगू गाणं 'निधि चाल सुखमा' घ्या, राग कल्याणी, म्हणजे यमनच. पहिली ओळ साधी, मंग तीच फिरून फिरून, दर खेपेला वाढवत नेतात, संगती म्हणतात त्याले. धन सुखाचं का रामाची सेवा, हा प्रश्न दर फेऱ्यात अजून आत घुसते. पुढं विचारतात, दही लोणी दूध गोड का रामाच्या भजनाचा रस गोड? आमच्या भजनी मंडळात कोणालेही सांगा, लगेच पटते, तेलुगू कायले पाहिजे! तंजावरच्या भोसले राजाचं बोलावणं नाकारून त्यागराज हे गायले अशी कथा हाये.

आर्वीची ताई:
भाऊ, कथेवरून चाल मोठी ठरत नाही न. अन् संगतीचं म्हणाल तर कितीक संगती मागाहून शिष्यांनी, गायकांनी घातल्या, मग त्यातलं त्यागराजांचं किती ते कसं ठरवायचं? दीक्षितारांनी तर मद्रासकडच्या बँडच्या इंग्रजी चालींवरही संस्कृत शब्द बसवले, एवढा कान उघडा असलेला माणूस अन् तरी बांधणी कुठं सैल नाही.

खंजिरीवाला, तिवसा:
ताई, शिष्यांनी घातल्या म्हणूनच म्हन्तो मी. ओळच अशी दिली की दुसऱ्याले त्यात वाढवावंसं वाटलं, ते काय कमी हाये? अन् बांधणीच पाहायची त त्यागराजाचं 'एन्दरो महानुभावुलु' पाहा, आधी सूर गातात, मंग त्याच सुरांवर शब्द, एक मात्रा इकडची तिकडं नाई.

पेटीवाला, दारव्हा:
'एन्दरो' मान्य, पूर्ण मान्य. पण यमनापुरतं म्हणाल त मी 'जंबूपते' सोडत नाई.