कान्टोरोविचचं ऐकलं असतं तर सोव्हिएत नियोजन तगलं असतं का?

रेषाखंड: बारावीला लिनियर प्रोग्रॅमिंगचे (मर्यादित साधनांतून जास्तीत जास्त काढायच्या गणिताचे) आलेख आपण काढले, पण त्यामागचा लिओनिद कान्टोरोविच कुणी सांगितला नाही. बाविसाव्या वर्षी लेनिनग्राडमध्ये प्राध्यापक झालेला गणितज्ञ. प्लायवूड ट्रस्टवाले त्याच्याकडे आले: यंत्रं आठ, लाकूड पाच प्रकारचं, प्रत्येक यंत्राचा वेग लाकडागणिक वेगळा, तर कुठल्या यंत्रावर काय चढवायचं? १९३९ मध्ये त्यानं अशा प्रश्नांची पद्धतच छापली. अमेरिकन गणितज्ञ डँट्झिगच्या सिम्प्लेक्सआधी (असेच प्रश्न सोडवायची प्रसिद्ध रीत) आठ वर्षं! शिवाय त्या गणितातून टंचाईच्या प्रत्येक वस्तूचं मोल निघतं. गॉसप्लाननं (सोव्हिएत नियोजन मंडळानं) ते तेव्हाच वापरलं असतं तर अर्थव्यवस्थेची पुढची घसरण टळली असती, असं माझं मत.

जुनाबाजार: साफ असहमत. खोट गणितात नाही, त्याला पुरवलेल्या आकड्यांत आहे. कारखान्याचा डायरेक्टर खरी क्षमता कळवेल कशाला? यंदा जास्त काढलं की पुढच्या वर्षी टार्गेट वाढणार. 'येगोरोव' नावाच्या रेल्वेडबा कारखान्याचा किस्सा सांगतात: कान्टोरोविचच्या पद्धतीनं पत्रे कापल्यावर भंगार घटलं, आणि ठरलेलं भंगार जमा करायचं टार्गेट हुकलं म्हणून बोलणी बसली.

रेषाखंड: मग दोष टार्गेटचा झाला ना? पद्धतीनं तर पत्रा वाचवला.

मीरा_पु: दोघंही राजकारण विसरताय. मूल्य श्रमातून येतं ही तिथली अधिकृत भूमिका, आणि हा गृहस्थ जमिनीला, यंत्रालाही मोल लावतो. स्टालिनच्या राज्यात! युद्धात लिहिलेलं पुस्तक छापायला १९५९ उजाडलं. जिवंत राहिला हेच खूप. त्याला 'वापरलं असतं तर' हा पर्यायच नव्हता.

जुनाबाजार: १९६५ ला लेनिन पुरस्कार, १९७५ ला अर्थतज्ज्ञ कूपमन्सबरोबर अर्थशास्त्राचं नोबेल. तेव्हा तर बंदी नव्हती, तरी गॉसप्लान जुन्याच वाटेनं चाललं. आणि प्लायवूडच्या गणितात कुठला माल किती प्रमाणात हवा हे आधीच दिलेलं असतं. देशाच्या बाबतीत ते कोण ठरवणार?

रेषाखंड: टॅक्सीचं बघा. त्याच्या गटानं सुचवलं, बसताच ठरावीक रक्कम घ्या आणि किलोमीटरचा दर उतरवा. साठच्या दशकात ते लागूही झालं. चालकाला जवळचं भाडं परवडायला लागलं.

जुनाबाजार: टॅक्सीतला माणूस खिशातून पैसे देतो. ट्रॅक्टर कारखान्याचा तोटा मंत्रालय भरतं. तिथे तुमचं मोल बघणार कोण?

मीरा_पु: हा मुद्दा मान्य. पण डँट्झिगला त्या नोबेलमधून वगळलं, त्यावर कुणीतरी वेगळा धागा काढा. मला तिथे भांडायचंय.