ग्रोबने बांधलेलं स्टँडर्ड सिरस ग्लायडर घ्यावं का? जर्मनीतून सोलापूरला आणायचंय

घार_सोलापूर
नमस्कार मंडळी. मी सोलापूरचा, ग्लायडिंग, म्हणजे बिनइंजिनाचं विमान उडवणं, शिकलो पुण्यात हडपसरला, आता आम्ही तिघं मित्र मिळून एक जुनं सिंगल सीटर ग्लायडर घ्यायचं म्हणतोय. एप्रिलात दुपारी हिप्परग्याच्या बाजूला गाडी थांबवून घारी बघत बसतो, पंख न हलवता गोल गोल वर जातात आणि दोन मिनिटांत ठिपका होतात, जीव तुटतो अगदी. जर्मनीत दोन स्टँडर्ड सिरस बघून ठेवलेत, एक मूळ कंपनी शेंप-हिर्थच्या स्वतःच्या कारखान्यातलं आणि एक ग्रोब या दुसऱ्या कंपनीने लायसन्सवर बांधलेलं, ते बरंच स्वस्त मिळतंय. लायसन्सवालं म्हणजे दुय्यम माल असतो का? उडवताना फरक जाणवतो का? मी आजवर टू-सीटरच उडवलंय. आणि इथं आणायचं कसं, हे कुणी केलंय का?

रिव्हेटकाका
दुय्यम वगैरे काही नाही बाळा, ते डोक्यातून काढ. डिझाइन क्लाउस होलिगहाउसचं, पहिलं उड्डाण 1969, मागणी इतकी आली की 1972 ते 75 मध्ये ग्रोबने लायसन्सवर 200 बांधली, साचे आणि ड्रॉइंग तीच. तू कारखान्याचं नाव बघतोयस, मी असतो तर आधी सिरीयल नंबर मागितला असता, कारण सुरुवातीच्या सिरसच्या पंखाला टोकाकडे पीळ कमी होता, नंतर तो वाढवला, त्यामुळे नंतरची स्टॉलला, म्हणजे वेग फार कमी होऊन पंखांची उचल सुटते तेव्हा, जरा सौम्य वागतात. तुला जो फरक जाणवेल तो हा, ग्रोब की शेंप-हिर्थ हा नाही. लायसन्सचा प्रश्न खरा येतो तो जबाबदारीचा. डीजी-300 या दुसऱ्या ग्लायडरचं उदाहरण बघ, डिझाइन ग्लाझर-डिर्क्सचं आणि बांधणी स्लोव्हेनियात एलानकडे, 2007 मध्ये पंखाच्या स्पारमध्ये, म्हणजे आतल्या मुख्य तुळईत, बांधणीतले दोष सापडले तेव्हा जगभरच्या डीजी-300 वर वेगाची, वजनाची बंधनं आली, तपासण्या लागल्या. म्हणून त्या नंबराच्या विमानावर आजवर निघालेली प्रत्येक टेक्निकल नोट, म्हणजे कंपनीनं सांगितलेली तपासणी-दुरुस्ती, केली का, कोणी सही केली, हे लॉगबुकात एकेक करून बघ. लॉगबुक अर्धवट असेल तर फुकट दिलं तरी घेऊ नकोस.

थर्मलवेडी
मी जर्मनीत नोकरीला असताना क्लबात एएसके-21 या शिकवायच्या टू-सीटरवरून थेट सिरसवर गेले होते, म्हणून सांगते दादा. सिरसचं शेपूट अख्खं हलतं, नाक वरखाली करणारी वेगळी फळी (एलेव्हेटर) नाही, त्यामुळे स्टिकला वजनच लागत नाही आणि नाक लगेच वरखाली होतं. पहिल्या विंच लाँचला (जमिनीवरच्या यंत्रानं दोर ओढून वर सोडतात तेव्हा) मी एएसके-21 सारखी मूठ आवळून स्टिक धरली आणि ग्लायडर डॉल्फिनसारखं उड्या मारायला लागलं, पोटात गोळा आला. मग इन्स्ट्रक्टरनी शिकवलं, हात मांडीवर टेकवायचा आणि स्टिक दोन बोटांत धरायची, बस्स, दुसऱ्या उड्डाणाला सरळ गेलं. उतरताना पंखातून वर काढायचे एअरब्रेकही फार जोराचे नाहीत, 75 मॉडेलला मोठे केले, म्हणून उतरताना उंच आलात तर ते निभावून नेतील असं धरू नका. आणि एक गोष्ट हात जोडून सांगते, पंख जोडताना कंट्रोलचे बॉल-जॉइंट आपोआप लागत नाहीत, एकेक हाताने बसवून सेफ्टी पिन लावायची आणि मग एकानं एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलती फळी) धरून ठेवायचा, दुसऱ्यानं स्टिक दाबून बघायची. जॉइंट सुटा राहून माणसं गेलीत. घाईत असाल तर त्या दिवशी उडू नका.

बंदरवाला
भावा, 20 फुटी कंटेनरचा विचारही करू नको, तो आतून 5.9 मीटर लांब असतो आणि 15 मीटर स्पॅनच्या ग्लायडरचा एकेक पंखच सात-साडेसात मीटर. 40 फुटी लागतो, आतून 12 मीटर, त्यात ग्लायडर ट्रेलरसकट जातं, पण ट्रेलरची रुंदी-उंची आधी टेपनं मोजून घे. आत टेकू द्यायला लाकूड वापरलं तर त्यावर हीट ट्रीटमेंटचा शिक्का पाहिजे, नाहीतर न्हावाशेवाला माल अडकतो. पैसे पाठवायच्या आधी डीजीसीएकडे, म्हणजे आपल्या विमान वाहतूक खात्याकडे, लेखी विचार की हा टाइप, या वयाचा, व्हीटी (भारतीय) रजिस्ट्रेशनला चालेल का. तिकडून एक्सपोर्टचं एअरवर्दीनेस (उडायला योग्य असल्याचं) सर्टिफिकेट आणि रजिस्ट्रेशन रद्द झाल्याचा कागद, दोन्ही मूळ प्रती हातात घे.

रिव्हेटकाका
एक राहिलं. आपल्याकडचं ऊन. जेलकोटला, म्हणजे वरच्या पांढऱ्या थराला, बारीक भेगा पडलेल्या असतील तर स्वस्ताईचं कारण तेच असणार, अख्खा कोट घासून नवा चढवायला शेकडो तासांची मजुरी लागते. ग्लायडर पांढरंच का ठेवतात, तर तापलं की आतलं रेझिन मऊ पडतं. सोलापूरच्या मे महिन्यात ते पत्र्याच्या शेडखाली नुसतं टाकून चालणार नाही, सावली आणि वारा दोन्ही पाहिजे.

घार_सोलापूर
काका, ताई, बंदरवाले भाऊ, मनापासून आभार. दोन्ही मालकांना आत्ताच मेल केली, सिरीयल नंबरच्या पाटीचा फोटो, लॉगबुकाची सगळी पानं, आणि पंखाच्या मुळाशी जेलकोटचा जवळून फोटो मागितलाय. ग्रोबवाल्याचं उत्तर आलंसुद्धा, 1975 साली बांधलेलं आहे म्हणतो. पानं आली की इथंच टाकतो, काका तुम्ही एकदा नजर घाला.