'अमेरिकन अ‍ॅनिमल्स' पाहिला. दुर्मिळ पुस्तक चोरलं, पुढे काय?

मधलं_पान

लागोपाठ तीन सिनेमे झाले. तिन्हींत जुनी पुस्तकं नाहीतर जुने कागद, आणि त्यांच्यामागे लागलेली माणसं.

'अमेरिकन अ‍ॅनिमल्स' (2018): भन्नाट. खरे आरोपी कॅमेऱ्यासमोर बसून हकिकत सांगतात, नट तीच करून दाखवतात, आणि जिथे दोघांच्या आठवणी जुळत नाहीत तिथे दिग्दर्शक प्रसंगच बदलून टाकतो. प्रत्यक्ष चोरी बघताना पोटात गोळा येतो, मजा वाटत नाही. तसंच हवं होतं.

'कॅन यू एव्हर फर्गिव्ह मी?' (2018): प्रसिद्ध लेखकांची खोटी पत्रं बनवून विकणाऱ्या ली इस्रायल या लेखिकेची गोष्ट. संथ आहे, पण कंटाळवाणा नाही. मेलिसा मॅकार्थीसाठी बघाच.

'द नाइन्थ गेट' (1999): वातावरण झकास, शेवट गंडलाय. आणि पुस्तकांचा जाणकार म्हणवणारा माणूस सतराव्या शतकातलं पुस्तक उघडून त्यावर खुशाल सिगरेट ओढतो!

आता प्रश्न. पहिल्या सिनेमात पुस्तकं हाती आल्यावर लिलावगृहातली बाई चार साधे प्रश्न विचारते आणि पोरांचा धीर सुटतो. पुस्तकावरचे शिक्के, लेबलं काढून टाकली तर ते नेमकं कुठलं हे कोण आणि कसं ओळखणार? एकाच आवृत्तीच्या शेकडो प्रती असतात ना? शिवाय म्हाताऱ्यांचं वेशांतर खरं की सिनेमाची भर? आणि ते पांढरे हातमोजे खरंच लागतात का?

---

रीळ_दुसरं

वेशांतर खरं आहे. डिसेंबर 2004, केंटकीतल्या लेक्सिंग्टनचं ट्रान्सिल्व्हेनिया विद्यापीठ. पहिल्या दिवशी म्हाताऱ्यांच्या वेशात गेले, ग्रंथालयात अपेक्षेपेक्षा जास्त माणसं दिसली म्हणून परत फिरले. दुसऱ्या दिवशी वेश न पालटता गेले आणि ग्रंथपाल बाईंना स्टनगनचा झटका देऊन बांधून ठेवलं.

डोळा होता पक्ष्यांची चित्रं काढणाऱ्या ऑडुबॉनच्या 'बर्ड्स ऑफ अमेरिका'वर. 1827 ते 1838 या काळात छापलेली 435 चित्रं, सगळी हाताने रंगवलेली, चार खंडांत बांधलेली. पान जवळपास एक मीटर उंच, 67 सेंटिमीटर रुंद. एकेक खंड वीस किलोच्या घरात. हा खंड दोघांनी मिळून आडवा, सपाट धरून न्यायचा असतो. नुसतं पान उलटायलाही दोन हात पुरत नाहीत. चादरीत गुंडाळून जिन्यावरून पळायचा बेत म्हणजे पुस्तक कधी नीट बघितलंच नव्हतं याचा पुरावा. गडबडीत मोठे खंड इमारतीतच टाकावे लागले. बाहेर गेलं ते लहान: डार्विनच्या 'ओरिजिन ऑफ स्पीशीज'ची 1859 ची पहिली आवृत्ती, 1491 चं औषधी वनस्पतींवरचं 'हॉर्टस सॅनिटॅटिस', ऑडुबॉनची पेन्सिलचित्रं आणि थोडं इतर.

पकडले कसे गेले हे सिनेमात घाईघाईत उरकलंय. दुर्मिळ विभागात वेळ ठरवायला वापरलेला ईमेल पत्ता आणि न्यूयॉर्कला क्रिस्टीज या लिलावगृहाशी संपर्क करायला वापरलेला पत्ता एकच होता. फेब्रुवारी 2005 मध्ये चौघे आत, प्रत्येकी सात वर्षं. लिलावगृहात विचारला जाणारा पहिला प्रश्न असतो 'हे तुमच्याकडे कुठून आलं?' त्याचं कागदोपत्री उत्तर यांनी तयारच केलं नव्हतं.

---

जुळारी

शिक्के काढून काम भागत नाही, कारण हाताने बांधलेल्या पुस्तकाची प्रत्येक प्रत वेगळी असते. छापताना सारख्या निघाल्या तरी तीन-चारशे वर्षांत प्रत्येकीचा संसार वेगळा झालेला असतो. ओळख पटवताना साधारण या क्रमाने बघतात.

आधी फर्मे, म्हणजे घडी घालून एकत्र शिवलेल्या पानांचे गठ्ठे, मोजायचे. जुन्या पुस्तकात पानाच्या तळाशी ए, ए-2, ए-3 अशा खुणा असतात, पुढचा फर्मा बी. यात 23 अक्षरंच वापरत. जे, यू (किंवा व्ही) आणि डब्ल्यू नसत. त्यामुळे आयनंतर थेट के आलं म्हणून पान गहाळ झालं असं समजू नका, नवखे इथेच फसतात. एका फर्म्यात चार की आठ पानं हे ठरलेलं असतं. ब्लेडने पान कापलं की शिवणीशी काही मिलिमीटरचा खुंट राहतो. तोही दिसू नये म्हणून अगदी घडीतून कापलं, तर त्याचं जोडपान, म्हणजे त्याच कागदाचा दुसरा अर्धा भाग, सुटून बाहेर येतं. कापणाऱ्याला दोन्हीकडून अडचण.

मग मापं. पानाची उंची आणि रुंदी मिलिमीटरमध्ये. पुन्हा बांधणी करताना कडा छाटतात, म्हणून त्याच आवृत्तीच्या दोन प्रतींची उंची क्वचितच तंतोतंत जुळते. शिक्का समासात होता म्हणून समास छाटला तर शिक्का जातो, पण नोंदीत 324 मिलिमीटर आणि हातातल्या पुस्तकात 317, आणि छाटलेली कड बाकी कडांपेक्षा पांढरीफट. हे उघडच कळतं.

तिसरं, किडीची भोकं. भोक सरळ एका पानातून पुढच्या पानात जातं, थोडं तिरकं होत जातं, लहानमोठं होतं. सुटा नकाशा सापडला आणि त्याची भोकं पुस्तकातल्या आधीच्या-नंतरच्या पानांशी जुळली, तर वाद मिटला. पाण्याचे डाग, समोरच्या पानावर उमटलेली चित्राची फिकट सावली, समासातली हस्ताक्षरं हेही असंच जुळवतात. तांब्याच्या पत्र्यावरून छापलेलं चित्र असेल तर पत्र्याच्या कडेचा दाब कागदात चौकोन करून बसलेला असतो, तोही मोजतात.

शिक्क्यांबद्दल. खरवडून काढला तर तेवढा कागद पातळ होतो. पान उजेडासमोर धरलं की तिथून जास्त उजेड येतो. रसायनाने धुतला तर साध्या डोळ्यांना जागा स्वच्छ दिसते, पण अतिनील दिव्याखाली (365 नॅनोमीटरचा साधा हातदिवा पुरतो) तो भाग आजूबाजूच्या कागदापेक्षा वेगळा उजळतो किंवा काळपट दिसतो. दाबाचा बिनशाईचा शिक्का इस्त्रीने सपाट केला तरी बाजूने तिरपा उजेड टाकला की उठून दिसतो. बऱ्याच ग्रंथालयांत ठरावीक एका आतल्या पानावर गुप्त खूणही असते. शीर्षक पान बदलणाऱ्याला ती माहीत नसते.

उदाहरण फर्स्ट फोलिओचं, म्हणजे शेक्सपिअरच्या नाटकांच्या पहिल्या एकत्रित आवृत्तीचं. 1998 मध्ये इंग्लंडमधल्या डरॅमहून चोरीला गेलेली प्रत 2008 मध्ये वॉशिंग्टनच्या फोल्जर ग्रंथालयात एक जण 'ही अस्सल आहे का सांगा' म्हणून घेऊन आला. जगातल्या ज्या एका ठिकाणी या पुस्तकाच्या 82 प्रती आहेत, तिथेच! बांधणी आणि शीर्षक पान काढलेलं होतं, तरी मापं आणि प्रतीतल्या खुणा जुन्या नोंदींशी जुळल्या. 2010 मध्ये त्याला आठ वर्षांची शिक्षा झाली. चोरीचा आरोप सिद्ध झाला नाही, चोरीचा माल बाळगल्याचा झाला.

थोडक्यात, जितकं प्रसिद्ध पुस्तक तितकं विकायला अवघड. खरी पंचाईत सुट्या नकाशांची आणि चित्रांची होते. एकोणिसाव्या-विसाव्या शतकात कित्येक अ‍ॅटलास कायदेशीरपणे फोडून पानं सुटी विकली गेली, त्यामुळे मधली घडी आणि शिवणीच्या खुणा असलेला नकाशा बाजारात दिसला तर कुणाला काही वावगं वाटत नाही.

---

दाखल_नोंद

जुळारींशी सहमत, फक्त एक जोडतो. हे सगळं ओळखता येतं ते नोंदी असतील तर. 'एक पुस्तक, कातडी बांधणी, स्थिती बरी' एवढीच नोंद असेल तर परत मिळालेलं पुस्तकही आपलंच आहे हे सिद्ध करता येत नाही. किमान लागतं ते असं: पानांची आणि चित्रांची संख्या, पानाची मापं, शीर्षक पान व शेवटचं पान यांचे फोटो, आणि त्या प्रतीतल्या तीन-चार खास खुणांचे जवळून काढलेले फोटो, शेजारी मोजपट्टी ठेवून.

सिनेमावाल्यांना छपरातून दोरीने उतरणारे चोर आवडतात. तेही घडतं म्हणा: जानेवारी 2017 मध्ये हीथ्रोजवळच्या फेल्टममधल्या गोदामात छपराच्या खिडक्या कापून, खालचे सेन्सर चुकवून उतरले आणि सुमारे 25 लाख पौंडांची पुस्तकं नेली. तेव्हा वर्तमानपत्रांत कुणा वेड्या संग्राहकाने सुपारी दिल्याच्या कहाण्या रंगल्या. निघाली गोदामं फोडणारी टोळी, आणि पुस्तकं 2020 मध्ये रुमेनियात एका घराच्या जमिनीखाली पुरलेली सापडली.

पण ग्रंथालयाला जास्त नुकसान करतात ते समोरच्या दाराने येणारे. दोन प्रकार.

एक, घरचाच भेदी. पिट्सबर्गच्या कार्नेगी ग्रंथालयात दुर्मिळ विभागाचा प्रमुखच पंचवीसेक वर्षं पानं आणि पुस्तकं बाहेर नेत होता. लहान पानं पाकिटात, मोठी गुंडाळी करून. शहरातला एक पुस्तकविक्रेता ती विकायचा. काही पुस्तकांची बांधणी कपाटात जागच्या जागी, आतली चित्रं गायब. त्यामुळे पाठीकडून मोजणी केली की संख्या बरोबर यायची. 2017 मध्ये विम्यासाठी मूल्यांकन करणाऱ्यांनी एकेक पुस्तक उघडलं तेव्हा फुटलं. आकडा सुमारे 80 लाख डॉलर.

दोन, अदलाबदल. 2022-23 मध्ये टार्टू, रीगा, वॉर्सा वगैरे ठिकाणांहून पुश्किन, गोगोल यांच्या पहिल्या आवृत्त्या गेल्या. पद्धत अशी की आधी अभ्यासक म्हणून यायचं, पुस्तक मागवायचं, मापं घ्यायची, फोटो काढायचे. काही आठवड्यांनी हुबेहूब नक्कल घेऊन पुन्हा यायचं आणि नक्कल परत करायची. एप्रिल 2024 मध्ये युरोपोलने (युरोपीय संघाची पोलीस संस्था) सांगितलेला आकडा किमान 170 पुस्तकांचा आहे. परत घेताना नुसतं आकार आणि कव्हर बघून ठेवून दिलं की हे महिनोन्‌महिने कळत नाही.

---

मधलं_पान

बाप रे, एवढं सविस्तर येईल असं वाटलं नव्हतं. एक शंका. पुस्तक देताना आणि परत घेताना वजन केलं तर? पान गेलं की कळेलच की.

---

दाखल_नोंद

काही ठिकाणी करतात, आणि चालतं, पण अटी आहेत. हिशोब बघा: 20 बाय 15 सेंटिमीटरचं पान, कागद चौरस मीटरला 90 ग्रॅम, म्हणजे एक पान साधारण 2.7 ग्रॅम. एक ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा पुरेसा.

अडचण आर्द्रतेची. कागद हवेतलं पाणी ओढतो आणि सोडतो. एक किलोच्या पुस्तकात ओलावा एक टक्क्याने बदलला तर 10 ग्रॅमचा फरक, म्हणजे तीन-चार पानं 'गायब' किंवा 'जास्त'. म्हणून गेल्या वर्षीच्या नोंदीतल्या वजनाशी तुलना करून उपयोग नाही. त्याच दिवशी, त्याच खोलीत, त्याच काट्यावर, देताना आणि घेताना. आतल्या खुणेच्या चिठ्ठ्या, वेष्टन आधी काढून ठेवायचं. आणि मोठ्या अ‍ॅटलासला हा उपाय नको. तो काट्यावर नीट बसत नाही, शिवाय उचलठेवीत बांधणीचा सांधा फाटतो.

वजनापेक्षा स्वस्त नियम: पिशव्या, कोट बाहेर, फक्त पेन्सिल, एका वेळी एकच पुस्तक, टेबलं अशी लावायची की वाचकाचे हात कर्मचाऱ्याला दिसतील. 2005 मध्ये येल विद्यापीठाच्या बायनेकी ग्रंथालयात नकाशे कापणारा सापडला तो जमिनीवर पडलेलं ब्लेडचं पातं एका कर्मचारी बाईंच्या नजरेला पडलं म्हणून. पुढे त्याने 97 नकाशे चोरल्याची कबुली दिली.

---

जुळारी

हातमोज्यांचं राहिलं. बहुतेक मोठी ग्रंथालयं आता पुस्तकांसाठी सुती हातमोजे वापरू नका असंच सांगतात. बोटाला पानाची कड जाणवत नाही, पान फाटतं. सुतात धूळ आणि ओल अडकते ती पानावर घासली जाते. हात साबणाने धुवा, पूर्ण कोरडे करा, क्रीम लावू नका. मोजे लागतात ते जुने फोटो, निगेटिव्ह आणि धातूच्या वस्तू हाताळताना. पडद्यावर पांढरे मोजे ठेवतात कारण ते दिसायला महागडे वाटतात.

नकली प्रतींवर दोन ओळी. गॅलिलिओच्या 1610 च्या 'सिडेरियस नुन्सियस'ची चंद्राची जलरंगचित्रं असलेली एक प्रत 2005 मध्ये न्यूयॉर्कच्या विक्रेत्याने घेतली, तज्ज्ञांनी अस्सल ठरवली, आणि 2012 मध्ये नकली निघाली. खिळ्यांनी (धातूच्या सुट्या अक्षरांनी) छापलेल्या पानावर दाब कमीजास्त असतो, झिजलेली अक्षरं अडखळतात. इथे फोटोवरून बनवलेल्या प्लेटने छपाई झाली होती. कागदात त्या काळी वापरात नसलेले कापसाचे आखूड तंतूही सापडले. ती प्रत बनवण्यामागचा माणूस नंतर नेपल्सच्या जिरोलामिनी ग्रंथालयाचा संचालक झाला आणि तिथली हजारो पुस्तकं गायब केल्याबद्दल तुरुंगात गेला. यावर सिनेमा काढला तर लोक म्हणतील अतिशयोक्ती आहे.

---

रीळ_दुसरं

'कॅन यू एव्हर...' मधली खोटी पत्रं का खपली हे त्याच्याशी जोडून बघा. पत्राला मापायला दुसरी प्रत नसते. लेखकाच्या काळातला टाइपरायटर, जुना कोरा कागद, आणि उजेडाच्या काचेवर गिरवलेली सही. गिरवलेली सही भिंगाखाली पकडता येते: रेघ सावकाश ओढल्याने थरथरते, नको तिथे पेन उचललेला असतो, शेवट निमुळता न होता बोथट संपतो. पण ली इस्रायलवर संशय आला तो मजकुरामुळे. नाटककार नोएल कॉवर्डच्या नावावरच्या पत्रांत समलिंगी आयुष्याबद्दल इतकं उघड लिहिलं होतं की त्याला ओळखणाऱ्याला ते पटेना. सिनेमात हा धागा नीट आलाय. खरी पत्रं ग्रंथालयातून उचलून जागी नकला ठेवण्याचा भाग त्यानंतरचा आहे, आणि तो तिच्या जास्त अंगाशी आला.

---

मधलं_पान

शेवटचं. कुणी 'ग्रंथालयातून रद्द' असा शिक्का असलेलं जुनं पुस्तक विकत देत असेल तर ते निर्धोक धरायचं का?

---

दाखल_नोंद

नाही. पिट्सबर्गच्या प्रकरणात विक्रेता असाच लाल शिक्का मारायचा. रबरी शिक्का कुणीही बनवून घेऊ शकतो. पुस्तकावर ग्रंथालयाचं नाव, दाखल क्रमांक दिसत असेल तर पैसे देण्याआधी त्या ग्रंथालयाला शीर्षक पान आणि शिक्क्याचे फोटो पाठवून लेखी विचारा: हा क्रमांक तुमचा का, रद्द कधी केला? रद्द केल्याची नोंद त्यांच्या दप्तरात असते. सोबत आयएलएबी या दुर्मिळ पुस्तक विक्रेत्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या हरवलेल्या पुस्तकांच्या यादीत नाव शोधा. ती यादी खुली आहे. तिथे सापडलं नाही म्हणजे पुस्तक स्वच्छ असंही नाही, कारण पुष्कळ ग्रंथालयांना चोरीचा पत्ताच वर्षांनी लागतो. आणि उत्तर येईपर्यंत विक्रेत्याला संशय बोलून दाखवू नका, तोवर पुस्तक दुसरीकडे गेलेलं असतं.