अनुभव धागा : चालत्या गाडीचे ‘मिसिंग’ आणि त्याचा शोध

माझी चार सिलिंडरची पेट्रोल गाडी नागपूरच्या वर्धा रोडवरच्या उड्डाणपुलाच्या चढावर थरथरू लागली आणि दुरुस्तीच्या दुकानात ठिणगी पाडणारे प्लग, त्यांना वीज देणाऱ्या कॉइल व पेट्रोल फवारणारे इंजेक्टर एकदमच बदलण्याचा सल्ला मिळाला. दोष न शोधता एवढा खर्च करणे मनाला पटत नाही. ज्यांनी अशा मिसिंगचे (एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न जळण्याचे) मूळ शोधले आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

मानेवाडा : आमच्या गाडीला दोषाचा कोड वाचणारा स्कॅनर लावल्यावर पी०३०३ हा कोड आला. त्यातला शेवटचा आकडा सिलिंडरचा असतो. मात्र तिसऱ्या सिलिंडरमध्ये ठिणगी कमी पडते, इंधन कमी पडते की कॉम्प्रेशन (पिस्टनने दिलेला दाब), हे कोड सांगत नाही. मिस्त्रींनी पहिल्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या कॉइलची अदलाबदल केली, जुना कोड पुसला आणि मला दिघोरीपर्यंत फेरी मारून यायला सांगितले. परत आलो तेव्हा पी०३०१ दिसत होता, म्हणजे दोष कॉइलबरोबर सरकला होता. एका कॉइलवर काम भागले. कोड जागचा हलला नसता, तर आधी प्लग, मग इंजेक्टर आणि सगळ्यात शेवटी कॉम्प्रेशन तपासायचे, असे त्यांचे ठरलेले होते.

अंबाझरी परिसर : २३ सप्टेंबर २०२३ च्या पुरात आमच्या गाडीच्या बॉनेटपर्यंत पाणी आले होते. सिलिंडरमध्ये पाणी राहिले असताना स्टार्टर मारला तर कनेक्टिंग रॉड (पिस्टनला जोडलेला दांडा) वाकू शकतो, म्हणून गाडी सुरू न करता ओढून नेली. साफसफाईनंतर ती छान चालली, पण काही आठवड्यांनी अधूनमधून मिसिंग सुरू झाले. कॉइलच्या कनेक्टरमधल्या पिनांवर हिरवा गंज चढला होता.

काटोल रोड : उंदरांनी इंजेक्टरची वायर कुरतडली होती. बॉनेट उघडताच ती दिसली. दोन दिवस आम्ही मात्र पेट्रोलला दोष देत होतो!

सदर : माझी गाडी जुनी आहे. कोड पी०३०० होता, म्हणजे दोष एका सिलिंडरपुरता नव्हता. सिग्नलला उभी असताना ती थरथरायची आणि वेग घेतला की सुरळीत व्हायची. आपल्याकडच्या उन्हाळ्यांनी इंजिनाला जोडलेली व्हॅक्यूमची (हवेच्या ओढीची) रबरी नळी कडक होऊन तडकली होती. संथ फिरणाऱ्या इंजिनात मुळात हवा कमी जाते, त्यामुळे तड्यातून शिरणाऱ्या जादा हवेने पेट्रोल-हवेचे मिश्रण तेव्हाच सर्वाधिक बिघडते. कान देऊन ऐकल्यावर सूं असा बारीक आवाज येत होता.

माझी धागाकर्त्यांना एक विनंती आहे : चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल, तर गाडी दामटू नका. न जळलेले पेट्रोल धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते आणि तो कन्व्हर्टर प्लगांपेक्षा कितीतरी महाग पडतो.

धागाकर्ता : सर्वांचे आभार. आज कॉइल काढल्या, तेव्हा दुसऱ्या प्लगची विहीर (तो बसतो तो खळगा) ऑइलने भरलेली निघाली. टॅपेट कव्हरचे (इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाचे) पॅकिंग गेले होते. ते आणि चारही प्लग बदलले, कॉइल पुसून पुन्हा बसवल्या आणि त्याच चढावर गाडी तिसऱ्या गिअरमध्ये न थरथरता चढली. इंजेक्टरला हातही लावला नाही.